पोट भरलंय हे पोराला कळतं, आपणच ऐकत नाही

लहान मूल गुटगुटीत असलं की सगळ्यांनाच गोड वाटतं. बारीक मुलाच्या आईला चारचौघांत टोमणे बसतात, "काही खायला घालत नाहीस वाटतं", आणि अंगानं भरलेलं असेल तर "खात्यापित्या घरचं दिसतंय" म्हणून कौतुक. मग तेच पोर दहा-अकरा वर्षांचं झालं की तीच माणसं त्याच्या तोंडावर म्हणतात, किती सुटलायस, जरा कमी खात जा. म्हणजे आधी सात-आठ वर्षं मागे लागून लागून भरवायचं आणि नंतर खातो म्हणून बोलायचं, त्या पोरानं नक्की करायचं तरी काय.

हे लिहायला बसलो कारण लहान मुलांच्या वजनाचा विषय निघाला की नव्वद टक्के बोलणं "हल्लीच्या मुलांना कंट्रोलच नाही" इथेच संपतं. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बघा, १९९० मध्ये ५ ते १९ वयातली साधारण २ टक्के मुलं लठ्ठ होती आणि २०२२ मध्ये ८ टक्के, म्हणजे १६ कोटींच्या वर. आता ३२ वर्षांत जगभरातली पोरं एकदम हावरट आणि आळशी निपजायला लागली असं तर होत नाही ना. आनुवंशिकतेचा भाग असतो, चांगला मोठा असतो, एकाच घरात एकाच ताटातलं खाऊन एक मूल काडी आणि दुसरं गोलमटोल असं आपण बघतोच, पण जीन्स इतक्या झपाट्यानं बदलत नाहीत. बदललं ते पोरांच्या आजूबाजूचं सगळं, आणि ते सगळं मांडून ठेवलंय मोठ्या माणसांनी.

आधी मूल खरंच जाड आहे का ते कसं ओळखायचं, कारण इथेच बरेच जण चुकतात. बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, हे माहीत असतं. मोठ्यांसाठी २५ च्या वर जास्त आणि ३० च्या वर लठ्ठ, एकदम सरळ. मुलांना ही पट्टी लावायचीच नाही. मुलाचा आकडा त्याच वयाच्या आणि मुलगा असेल तर मुलग्यांच्या, मुलगी असेल तर मुलींच्या तक्त्यावर ठेवून बघायचा असतो. बीएमआय २० हा पंधरा वर्षांच्या मुलाला अगदी मध्यावरचा, आणि सहा वर्षांच्या मुलाला तोच २० म्हणजे सरळ सरळ लठ्ठपणा. हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेनं ५ वर्षांपर्यंतचे २००६ मध्ये आणि ५ ते १९ चे २००७ मध्ये काढले, मुलांच्या डॉक्टरांकडे असतात, मागितले की दाखवतात.

त्या तक्त्यातली रेघ मात्र नीट बघण्यासारखी आहे. पहिल्या वर्षात बीएमआय चढतो, बाळसं धरतं म्हणतो ते हेच, मग हळूहळू उतरत जातो आणि पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास तळाला टेकून परत चढायला लागतो. म्हणजे चार-पाच वर्षांचं निरोगी मूल काटकुळं दिसणं, आंघोळीच्या वेळी बरगड्या मोजता येणं, हे बहुतेक वेळा त्याचं ठरलेलं वेळापत्रक आहे! आणि नेमकं याच वेळी घरात घबराट होते, बाळसं उतरलं, पोर वाळलं, काहीतरी पावडर चालू करा, रात्री एक ग्लास जास्तीचा द्या. पण हा तळ ज्या मुलांच्या बाबतीत लवकर येतो, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षीच रेघ वर वळते, त्यांचं वजन पुढे जास्त असण्याची शक्यता वाढते हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तर मुलाची नेहमीची रेघ नेहमीसारखी चालली असेल, खेळतंय, उंची वाढतेय, तर बरगड्या दिसल्या म्हणून भरवायला लागू नका.

आता मुद्द्याचं. प्रत्येक मूल जन्माला येतानाच पोटात एक मीटर घेऊन येतं. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं, ते मेंदूला भूक कळवतं. अंगावरच्या चरबीतून लेप्टिन सुटतं, ते साठा किती आहे ते कळवतं (हे १९९४ मध्ये सापडलं, तोवर चरबी म्हणजे नुसती गोदामात पडलेली पोती असं समजत). आतड्यातून वेगळे निरोप जातात की बास आता, पोचलं. या सगळ्या निरोपांना थोडा वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं धरा. तान्ह्या बाळाचं पोट भरलं की ते तोंड फिरवतं, ओठ मिटतं, ढकलून देतं, तुम्ही कितीही लाडीगोडी करा. म्हणजे मीटर चालू असतं.

२००० साली एक छोटासा प्रयोग छापून आला होता, मला तो फार आवडतो. तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या दिवशी कमी, मध्यम आणि खूप असं वाढून दिलं. तीन वर्षांची पोरं, समोर कितीही ठेवा, साधारण तेवढंच खाऊन उठली. पाच वर्षांची पोरं जास्त वाढलं तर जास्त खात होती. दोन वर्षांत असं काय झालं? तर ती पोटाऐवजी ताटाकडे बघायला शिकली, आणि शिकवलं कोणी ते वेगळं सांगायला नको. चिऊचा घास, काऊचा घास, हा शेवटचा, आता हा खरंच शेवटचा. ताटात काही टाकायचं नाही. एवढं संपवलंस तर चॉकलेट. रडतोय, दे बिस्कीट. खात नाही, लाव मोबाईल. यातलं एकेक वाक्य प्रेमातूनच आलेलं आहे, मी पण सगळी वापरलीयत, पण मुलाला त्यातून कळतं एकच, की कधी थांबायचं हे पोट ठरवत नाही, दुसरं कोणीतरी ठरवतं.

त्यातलं चॉकलेटचं लालूच तर दुहेरी नुकसान करतं. भाजी संपवलीस तर गोड मिळेल, याचा पोराच्या डोक्यात अर्थ काय होतो? की भाजी ही शिक्षा आहे, सहन करायची गोष्ट, आणि गोड हे बक्षीस. आपण भाजीची जाहिरात करतोय असं आपल्याला वाटत असतं आणि प्रत्यक्षात गोडाची होत असते. पूर्ण बंदी घालूनही तेच. एखादी गोष्ट बरणीत दिसतेय पण हात लावायचा नाही असं केलं की मुलं तिच्याबद्दल जास्त बोलतात, जास्त मागतात आणि मिळाली की तुटून पडतात, हे प्रयोगांत दिसलंय आणि घरी तर दिसतंच. त्यापेक्षा ती गोष्ट घरात आणूच नका, म्हणजे रोज नाही म्हणायची वेळ येत नाही, आणि बाहेर कधी कुठे समोर आली तर खाऊ द्या की निवांत.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची एक साधी वाटणी सांगितलीय, गेली कित्येक वर्षं मुलांचे डॉक्टर तीच सांगतात. काय खायचं, कधी आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. बस. आपण नेमकं उलटं करतो, काय खायचं ते पोराला विचारतो, आज काय खाणार रे राजा, आणि किती खायचं ते आपण ठरवतो. हे उलटं सरळ केलं की पहिले आठ-दहा दिवस जीव वरखाली होतो, दोन घास खाऊन उठतं पोर, आणि तासाभरानं भूक लागली म्हणून येतं. तेव्हा बिस्किटाचा डबा काढला नाही आणि पुढच्या खाण्याची वेळ कधी आहे ते शांतपणे सांगितलं तर हळूहळू गाडी रुळावर येते. दिवसातून तीन जेवणं आणि मध्ये दोन छोटी खाणी, वेळा ठरलेल्या, मधल्या वेळात फक्त पाणी. वेळा ठरलेल्या असल्या की मुलाला भूक लागण्याची संधी तरी मिळते, नाहीतर दिवसभर चरत राहिलं की जेवायला बसताना भूकच नसते आणि मग परत चिऊ आणि काऊ.

नवीन पदार्थाचंही असंच. मुलानं एकदा थुंकला की आपण फुली मारतो, त्याला नाही आवडत. नवीन चव मुलांना पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. चमचाभर वाढायचा, खाल्ला तर खाल्ला, काही बोलायचं नाही, आपण स्वतः चवीनं खायचा. बोलायचं नाही हे सगळ्यात अवघड आहे.

आता हे मीटर ज्या गोष्टीपुढे सगळ्यात जास्त फसतं ती म्हणजे पिण्यातली साखर, आणि एकच बदल करायची ताकद असेल तर तो इथे करा असं मी सांगेन. चावून खाल्लेल्या अन्नाची पोट बऱ्यापैकी नोंद ठेवतं, पुढच्या जेवणात थोडं कमी खाल्लं जातं. प्यायलेल्या साखरेची नोंद फार कच्ची होते, गटागट आत जाते आणि वर जेवण आहे तेवढंच. नेदरलँड्समध्ये एक प्रयोग झाला, २०१२ ला प्रसिद्ध झाला, साधारण ५ ते ११ वर्षांची ६४१ मुलं. रोज २५० मिलिलिटरचा एक कॅन, अर्ध्या मुलांच्या कॅनमध्ये साखर, अर्ध्यांच्या कॅनमध्ये साखरेशिवायचं गोड पेय, कोणाला कुठलं ते मुलांनाही माहीत नाही. दीड वर्षानं साखरवाल्यांचं वजन सरासरी ७.३७ किलोनं वाढलं होतं, बिनसाखरवाल्यांचं ६.३५ किलोनं (मुलं वाढती होती, त्यामुळे वजन सगळ्यांचंच वाढणार). किलोभराचा फरक, आणि बदललं काय तर दिवसाचा एक छोटा कॅन. याचा अर्थ बिनसाखरेचा कॅन आणून द्या असा नाही हां, पाणी आहे की.

हिशोब करून बघा. ३३० मिलिलिटरच्या नेहमीच्या कोल्ड्रिंकमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, सात-आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ चं सांगणं असं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्के झाली तर अजून बरं. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलाचे १० टक्के म्हणजे १५० कॅलरी, म्हणजे साधारण ३७ ग्रॅम. एका कॅनमध्ये दिवसाचा कोटा जवळपास खलास.

आणि रस? इथे बऱ्याच आयांचा माझ्यावर राग निघतो. घरी काढलेला, साखर न घातलेला ताजा रस सुद्धा याच हिशोबात धरलाय. कारण अख्खं संत्रं सोलून, चावून खायला पाच-सात मिनिटं लागतात, चोथा पोटात जातो, एक किंवा दोन खाल्ली की मूल थांबतं. तीन-चार संत्र्यांचा रस अर्ध्या मिनिटात संपतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला रस द्यायचाच नाही आणि १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर १२० मिलिलिटर. फळ द्या, रस नको, एवढं सोपं आहे. दुधात घालायच्या गोड पावडरींच्या डब्यावर पुढे धावणारा मुलगा असतो, मागे बारीक अक्षरात साखरेचा आकडा असतो. डबा फिरवून वाचा.

पाकिटातल्या खाण्याबद्दल एकच सांगतो. २०१९ मध्ये अमेरिकेत २० मोठ्या माणसांना महिनाभर एका संशोधन केंद्रात ठेवलं, दोन आठवडे सगळं अतिप्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, फॅट, मीठ, तंतू सगळं सारखं मोजून, हवं तेवढं खा. पाकिटवाल्या आठवड्यांत माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. मोठ्यांचं हे होतं, सगळं कळत असलेल्या माणसांचं. पोरांकडून कंट्रोलची अपेक्षा मग कुठल्या तोंडानं करायची. मऊ, खारं-गोड, न चावता गिळता येणारं अन्न निरोप पोचायच्या आतच संपलेलं असतं.

आता खेळाकडे येतो. सरळ सांगायचं तर "खा हवं तेवढं, पळून जिरव" हे गणित जमत नाही. अर्धा तास धावून मूल जेवढं जाळतं तेवढं दोन मिनिटांत परत खाता येतं. म्हणून खेळ कमी महत्त्वाचा का, तर अजिबात नाही, फक्त तो वजनाची शिक्षा म्हणून लावू नका. खेळानं हाडं घट्ट होतात, स्नायू साखर नीट वापरायला लागतात, झोप लागते, मूड सुधारतो, आणि काटा हलला नाही तरी हे सगळं होतंच. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल असं हलणं हवं, आठवड्यातून किमान तीनदा उड्या, लोंबकळणं, चढणं असं हाडा-स्नायूंना ताण देणारं. एका दमात ६० नकोत, दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. तीन-चार वर्षांच्या पोरांना दिवसभरात मिळून तीन तास हालचाल लागते, ऐकून दचकायला होतं पण त्या वयात नुसतं अडवलं नाही तरी तेवढी होते. क्लास लावायलाच पाहिजे असं नाही. वजन जास्त असलेलं मूल शर्यतीत रोज शेवटी येतं आणि हसं होतं म्हणून खेळच सोडून देतं, त्याच्यासाठी पोहणं, सायकल, नाच, बाबांबरोबर लांब चालत जाणं असं जिथे कोणी नंबर काढत नाही ते बघा.

स्क्रीनचा त्रास मात्र बसून राहण्यापेक्षा खाण्याकडून जास्त होतो असं दिसतं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन शाळांवरचा अभ्यास आला, तिसरी-चौथीची मुलं. एका शाळेत फक्त टीव्ही, व्हिडिओ आणि व्हिडिओ गेम कमी करायला शिकवलं, खेळा असंही सांगितलं नाही, हे खा ते खाऊ नका असंही नाही. वर्षाच्या शेवटी त्या मुलांचा बीएमआय दुसऱ्या शाळेपेक्षा कमी वाढला होता. धावपळ काही फारशी वाढली नव्हती, पण टीव्हीसमोर बसून जेवणं कमी झालं होतं. डोळे स्क्रीनवर असले की पोटाचे निरोप वाचायला कोणी जागेवरच नसतं. म्हणून तासांवरून रोज भांडण्यापेक्षा एक नियम आधी करा, जेवताना स्क्रीन नाही, आणि तो बाबांच्या फोनलाही लागू.

झोप ही या सगळ्यात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. ३ ते ५ वर्षांना दुपारची धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२, पुढे १८ पर्यंत ८ ते १०. झोप कमी पडली की भूक वाढते आणि ती नेमकी गोडाची, तळलेल्याची वाढते, शिवाय दमलेलं मूल दुसऱ्या दिवशी खेळत नाही. रात्री फोन झोपायच्या खोलीच्या बाहेर ठेवला तर अर्धं काम होतं.

समजा वजन आधीच वाढलेलं आहे. तरी मुलाला डाएटवर टाकायचं नाही, जेवण तोडायचं नाही. वाढत्या मुलाकडे एक सोय आहे जी आपल्याकडे नाही, उंची. सात वर्षांचा मुलगा, उंची १२० सेंटीमीटर, वजन २८ किलो, बीएमआय १९.४, तक्त्यावर लठ्ठ. वर्षभरात वजन तिथेच थांबलं आणि उंची ६ सेंटीमीटरनं वाढली तर बीएमआय १७.६, आणि तो लठ्ठ गटातून बाहेर, एक ग्रॅमही न घटवता. म्हणून बऱ्याच लहान मुलांसाठी डॉक्टर वजन उतरवायला सांगतच नाहीत, फक्त थांबवायला किंवा सावकाश वाढू द्यायला सांगतात. फार जास्त असेल किंवा मूल मोठं असेल तर गोष्ट वेगळी, ते त्यांनाच ठरवू द्या.

आणि बोलताना जपा. २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं की ज्या घरात आईबाप मुलांशी वजनाबद्दल बोलतात तिथली किशोरवयीन मुलं उपाशी राहणं, उलट्या काढणं असले प्रकार जास्त करतात, आणि ज्या घरात बोलणं चांगल्या खाण्याबद्दल असतं तिथे कमी. जाडू, ढोल्या, हत्ती ही लाडाची नावं पोरं विसरत नाहीत. घरात दोन मुलं असतील तर एकाला वेगळं खाणं आणि दुसऱ्याला वेगळं हेही नको, जे बदलायचं ते सगळ्यांसाठी, आजी-आजोबा धरून. आजी लपून देणारच थोडंसं, तेवढं चालतं, पण तिला शत्रू करण्यापेक्षा लाड करायचं दुसरं काम द्या, गोष्ट सांगणं, बागेत नेणं.

शेवटी डॉक्टरांकडे कधी जायचं ते. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळसर, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर ती मळ समजून घासत बसू नका, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. रोज घोरत असेल आणि झोपेत श्वास अडकतोय असं वाटत असेल, चालताना मांडी-गुडघा दुखून लंगडत असेल, खूप तहान आणि सारखी लघवी होत असेल तर लवकर दाखवा. "थायरॉइड असेल" असं सगळ्यांना वाटतं, पण हार्मोनच्या आजारानं आलेला लठ्ठपणा मुलांमध्ये क्वचित असतो आणि त्यात उंची खुंटते, उलट साध्या लठ्ठपणातली मुलं वयाच्या मानानं उंच असतात. त्यामुळे वजन वाढतंय आणि उंची थांबलीय असं असेल तर ते नक्की सांगा. जाताना जुन्या उंची-वजनाच्या नोंदी घेऊन जा, एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तीन वर्षांची रेघ जास्त सांगते, आणि जे काही काळजीचं बोलायचं असेल ते मुलाला बाहेर खेळायला पाठवून बोला.